एका संगणकात दोन कार्यप्रणाली : बिघाड शोधायचा कसा?

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ताई रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. तिच्या घरी २०१८ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे व त्यावर विंडोज १० ही कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, होती. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत तिच्या लॅपटॉपचा प्रोसेसर नव्हता. यंत्र मात्र उत्तम चालत होते. तेव्हा विंडोज आहे तसे ठेवून त्याच्या शेजारी लिनक्स बसवावे, इंटरनेटची कामे लिनक्सवर करावीत आणि विंडोज जुन्या कामांपुरते ठेवावे, असे तिने ठरवले. विचार योग्य होता.

"अगं, सगळं लिहिल्याप्रमाणे केलं, पण काहीच चालत नाही," ताई म्हणाली.

हे वाक्य आपण शिक्षक मंडळी प्रयोगशाळेत नेहमी ऐकतो. "बाई, बल्ब लागत नाही." अशा वेळी आपण नवे साहित्य मागवत नाही. सेल दुसऱ्या बल्बला लावून पाहतो, तोच बल्ब दुसऱ्या सेलला लावून पाहतो, तार बदलून पाहतो. दोन-चार मिनिटांत दोष कोठे आहे ते कळते. संगणक समोर आला की मात्र हीच रीत आपण विसरतो आणि दिसेल ते बटण दाबू लागतो. ताईचा बिघाड आम्ही तीन संध्याकाळी फोनवरून शोधला. त्यात एकदा तिचे दहा वर्षांचे काम जाण्याची वेळ आली होती. ही हकीकत सांगताना संगणक सुरू कसा होतो हेही पाहू, कारण ते कळल्याशिवाय बिघाडाचे स्थान कळत नाही.

आठ कड्यांची साखळी

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कळफलक, पडदा, स्मृती आणि डिस्क यांचा कारभार पाहणारी आज्ञावली. ती डिस्कवर साठवलेली असते. पण डिस्क वाचायची कशी हे सांगणारी आज्ञावलीही डिस्कवरच असेल, तर पहिली वाचणार कोण? आधी कोंबडी की आधी अंडे, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर म्हणजे एका छोट्या आज्ञावलीने तिच्याहून थोड्या मोठ्या आज्ञावलीला हाक मारायची, तिने पुढच्या मोठ्या आज्ञावलीला, अशी साखळी.

शाळा सकाळी कशी सुरू होते ते आठवा. शिपाईकाका फाटक उघडतात. कोणत्या वर्गात कोणता तास आहे हे त्यांना ठाऊक नसते, पण कार्यालयाची किल्ली कोठे टांगली आहे हे ठाऊक असते. कार्यालयात वेळापत्रक असते. ते पाहून शिक्षक वर्गांवर जातात आणि मग शाळा भरते. प्रत्येकाला फक्त पुढच्या पायरीपुरती माहिती असते.

संगणकातील कड्या ढोबळमानाने अशा मोजता येतात :

१. विद्युतपुरवठा मिळताच मुख्य पाटीवरील चिपमधली कायमची आज्ञावली जागी होते व यंत्राची तपासणी करते. जुन्या संगणकांत हिला बायोस म्हणत. आताच्या संगणकांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे.
२. ती आपल्याजवळची क्रमयादी पाहते. आधी डिस्क, मग पेनड्राइव्ह, की उलट, हे त्या यादीत लिहिलेले असते.
३. निवडलेल्या साधनावरील एका लहानशा ठराविक विभागात ती प्रारंभाची फाइल शोधते.
४. ती फाइल म्हणजे प्रारंभक. लिनक्सच्या नेहमीच्या प्रारंभकाचे नाव ग्रब. 'लिनक्स हवे की विंडोज?' हे विचारण्याचे काम त्याचे.
५. प्रारंभक कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. सोबत डिस्क वाचण्यापुरती थोडी शिदोरीही देतो.
६. गाभा त्या शिदोरीच्या बळावर स्वतःचा विभाग डिस्कवर शोधतो.
७. मग पडदा, ध्वनी, नेटवर्क इत्यादी सेवा सुरू होतात.
८. शेवटी नाव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा येतो.

बिघाड कोणत्याही कडीत असला तरी वरवर पाहणाऱ्याला 'चालू होत नाही' एवढेच दिसते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक कडी तुटल्याची खूण वेगळी असते. कंपनीचे चिन्हसुद्धा आले नाही, तर दोष पहिल्या कडीत. 'प्रारंभाचे साधन सापडले नाही' असा संदेश आला, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या कडीत. काळ्या पडद्यावर ग्रब असे नाव आणि पुढे लुकलुकणारी खूण दिसली, तर पहिल्या तीन कड्या निश्चित चांगल्या आहेत. म्हणून मी ताईला पहिली अट घातली : "काय झालं असेल ते सांगू नकोस. पडद्यावर काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर वाच."

डिस्कचा सातबारा

दोन कार्यप्रणाली एका डिस्कवर राहायच्या, तर डिस्कचे विभाग पाडावे लागतात. शेतात बांध घालतात तसे. आणि कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत, हे गावच्या दप्तरात लिहिलेले असते तसे डिस्कवरही एक दप्तर असते.

१९८३ साली आलेल्या डॉस २.० पासून हे दप्तर डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटांच्या खणात ठेवले जाऊ लागले. त्यातील ४४६ बाइट प्रारंभाच्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट विभागांच्या नोंदींसाठी व उरलेले २ बाइट सहीसारख्या खुणेसाठी होते. एका नोंदीला १६ बाइट लागत, म्हणून नोंदी फक्त चार. शिवाय खणाचा क्रमांक ३२ बिटांत लिहिलेला असे. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ केले तर २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट येतात. म्हणजे सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढची जागा या दप्तरात लिहिताच येत नव्हती. यूईएफआयबरोबर जीपीटी नावाचे नवे दप्तर आले. त्यात सहसा १२८ नोंदींची सोय असते आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

संपूर्ण खटाटोपात खरी धोक्याची जागा हे दप्तर आणि विभागांवरील लेखन हीच आहे. क्रमयादी बदलली तर पुन्हा पूर्वीसारखी करता येते. पेनड्राइव्ह बिघडला तर नवा बनवता येतो. पण चुकीचा विभाग पुसला आणि त्यावर नवे लिहिले गेले, तर जुने परत येत नाही. कोणती कृती उलट फिरवता येते व कोणती येत नाही, हा भेद सतत मनात ठेवायला हवा.

पहिली संध्याकाळ : न उघडलेले खोके

ताईने उबुंटू लिनक्सची सुमारे सहा गिगाबाइटची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घेतली होती. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की सरळ विंडोजच सुरू होत असे.

संशयित दोन : संगणकाची क्रमयादी किंवा पेनड्राइव्ह. दोघांना वेगळे करायचे, तर बल्ब-सेलचीच युक्ती. तोच पेनड्राइव्ह शेजाऱ्यांच्या संगणकाला लावायला सांगितला. तेथेही तो चालला नाही. म्हणजे ताईच्या लॅपटॉपवरचा संशय कमी झाला.

"पेनड्राइव्ह उघडल्यावर आत काय दिसतं?"

"एकच मोठी फाइल दिसते."

येथे उलगडा झाला. तिने फाइल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवली होती. तिसरी कडी ठराविक जागी, ठराविक नावाची प्रारंभ-फाइल शोधते. ती फाइल त्या मोठ्या फाइलच्या पोटात होती. नव्या पुस्तकांचे खोके न फोडता कपाटात ठेवावे आणि मुलांनी पुस्तक शोधावे, तसा हा प्रकार. खोके फोडून पुस्तके मांडण्याचे काम रूफससारखी छोटी आज्ञावली करते. ते करण्यापूर्वी मी तिला फाइलचा शा-२५६ ठसा तपासायला लावला. फाइलमधील सर्व बिटांवर गणिती क्रिया करून ६४ अंकी-अक्षरी ठसा काढतात. फाइलमधील एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. संकेतस्थळावर दिलेला ठसा आणि आपला ठसा जुळला, म्हणजे फाइल वाटेत खराब झालेली नाही. येथे तो जुळला.

आणखी एक गोष्ट आम्ही त्याच वेळी केली. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तिच्यामुळे 'बंद करा' म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ते झोपी जाते आणि पुढच्या वेळी लवकर उठते. झोपलेल्या विंडोजच्या विभागात लिनक्सने काही लिहिले, तर जागे झालेल्या विंडोजच्या आठवणी आणि डिस्कवरील वस्तुस्थिती यांत फरक पडतो व फायली बिघडू शकतात. म्हणून लिनक्स असा विभाग बहुधा केवळ वाचण्यापुरता उघडते किंवा उघडण्यास नकार देते. दोन कार्यप्रणाली ठेवायच्या असतील तर ही सोय बंद केलेली बरी. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' निवडले तर विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होते.

लिनक्ससाठी जागा काढताना विंडोजने आणखी एक कोडे घातले. सी विभागात जागा भरपूर मोकळी होती, पण विभाग आकुंचित करायला सांगितल्यावर विंडोज जेमतेम काही गिगाबाइट द्यायला तयार होते. कारण मोकळी जागा सलग नसते. झोपेच्या नोंदीची फाइल, स्मृतीला पूरक अशी पेजफाइल वगैरे काही फायली विंडोज चालू असताना हलत नाहीत. अशी एखादी फाइल शेताच्या मधोमध बसली, की बांध तिच्या अलीकडे सरकत नाही. झोपेची सोय व पेजफाइल तात्पुरती बंद करून संगणक पुन्हा सुरू केल्यावर बांध सरकला. हे काम विंडोजच्याच साधनाने करावे, आपल्या विभागाची त्याला नीट ओळख असते.

दुसरी संध्याकाळ : डिस्क गेली कोठे?

नवा पेनड्राइव्ह सुरू झाला. उबुंटू डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. पडदा, ध्वनी, वायफाय सर्व ठीक होते. पण बसवण्याच्या पायरीवर आल्यावर यादीत फक्त पेनड्राइव्ह दिसत होता. लॅपटॉपच्या आतली डिस्क यादीत नव्हतीच.

काही संगणकांमध्ये डिस्क आणि प्रोसेसर यांच्यामधील नियंत्रक 'रेड' नावाच्या पद्धतीवर ठेवलेला असतो. एकापेक्षा अधिक डिस्क एकत्र वापरण्यासाठी ती पद्धत आहे, पण डिस्क एकच असली तरी निर्माते कधी कधी तीच पद्धत ठेवतात. अशा वेळी काही प्रकारच्या डिस्क नियंत्रकाच्या आड जातात आणि लिनक्सला दिसत नाहीत. 'एएचसीआय' ही साधी पद्धत निवडली की त्या दिसू लागतात. ताईने हे कोठेतरी वाचले आणि मला फोन करण्यापूर्वीच यूईएफआयमध्ये जाऊन पद्धत बदलली. मग विंडोज सुरू केले, तर निळा पडदा आणि त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', म्हणजे 'प्रारंभाची डिस्क हाती लागत नाही', हा संदेश. दोन-तीन वेळा तसे झाल्यावर विंडोजने दुरुस्तीचे पर्याय पुढे केले. त्यांत संगणक मूळ स्थितीत नेण्याचाही एक पर्याय होता.

"तो दाबू का? सगळं नीट होईल ना?"

"थांब, काहीही दाबू नकोस. बॅकअप घेतला आहेस ना?"

"घेतलाय की. सगळं डी ड्राइव्हवर कॉपी केलंय."

क्षणभर मला काही सुचेना. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन विभाग होते. बांधाच्या अलीकडचे धान्य पलीकडे ठेवले, तरी पूर आला की दोन्हीकडचे जाते. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, विज्ञान प्रदर्शनांची छायाचित्रे, मुलांनी केलेल्या पक्षिनिरीक्षणाच्या नोंदी हे सर्व त्या एकाच डिस्कवर होते.

आता साखळीकडे पाहू. निळा पडदा विंडोजचा होता. म्हणजे पहिल्या पाच कड्या चालल्या होत्या. तुटली होती सहावी : गाभ्याला स्वतःचा विभाग सापडत नव्हता. विंडोज सुरू होताना आपल्या डिस्कच्या ठरलेल्या पद्धतीपुरतीच शिदोरी सोबत घेते. ताईने पद्धत बदलली, शिदोरी जुन्याच पद्धतीची राहिली. म्हणून समोर असलेली डिस्क विंडोजला वाचता आली नाही. डिस्कवर काहीही पुसले गेलेले नव्हते. हे अनुमान होते, आणि ते पडताळून पाहता येत होते. नव्या पद्धतीत लिनक्सला डिस्क दिसायला हवी.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. डिस्क दिसली. विभाग उघडला. थोडा वेळ फोनवर काही आवाज नव्हता.

"आहे गं, सगळं आहे," ताई म्हणाली.

तिच्या मुलाकडे बाहेरून लावायची एक हार्ड डिस्क होती. सर्व फायली त्या रात्री पेनड्राइव्हवरील लिनक्समधूनच तिच्यावर उतरवल्या. मग यूईएफआयमध्ये जाऊन पद्धत पुन्हा 'रेड' केली आणि विंडोज काहीच न झाल्यासारखे सुरू झाले. 'मूळ स्थिती'चे बटण दाबले गेले असते, तर निवडलेल्या पर्यायानुसार तिने बसवलेल्या आज्ञावली तरी नक्कीच गेल्या असत्या आणि फायलीही जाऊ शकल्या असत्या. तेही असा बिघाड दुरुस्त करण्यासाठी, जो एक नोंद पूर्ववत केल्याने गेला.

विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर यूईएफआयमधील असे बदल केल्यावर विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकते आणि ती नसेल तर फायली कोणालाच वाचता येत नाहीत. अनेक नव्या लॅपटॉपांत हे कुलूप मालकाच्या लक्षात न येता लागलेले असते. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. कामाला हात घालण्यापूर्वी ती शोधून कागदावर लिहून ठेवावी. ताईची डिस्क तशी कुलूपबंद नव्हती, हे आमचे नशीब.

तिसरी संध्याकाळ : योग्य क्रम

आता पद्धत बदलण्याचे काम नीट क्रमाने केले. आधी विंडोजला सांगितले, की पुढच्या वेळी 'सेफ मोड'मध्ये सुरू हो. या स्थितीत विंडोज डिस्क वाचण्याची मूलभूत शिदोरी सोबत घेते. मग संगणक पुन्हा सुरू करतानाच यूईएफआयमध्ये पद्धत 'एएचसीआय' केली. विंडोज सेफ मोडमध्ये उघडले, नव्या पद्धतीची त्याने नोंद घेतली आणि त्यानंतर नेहमीच्या स्थितीतही सुरळीत सुरू झाले. आदल्या दिवशी आणि आज बदललेली नोंद एकच. फरक क्रमाचा होता.

त्यानंतर मोकळ्या केलेल्या जागेत 'विंडोजच्या शेजारी बसवा' हा पर्याय निवडून लिनक्स बसवले. 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय त्याच पडद्यावर असतो, म्हणून पुढे जाण्यापूर्वी विभागांची यादी ताईने मला मोठ्याने वाचून दाखवली.

संगणक पुन्हा सुरू केला आणि सरळ विंडोज उघडले. ताई हिरमुसली. पण हा बिघाड सोपा होता. ग्रब दिसलाच नाही, म्हणजे चौथ्या कडीपर्यंत गोष्ट पोहोचलीच नाही. लिनक्स बसले नाही असा त्याचा अर्थ होत नाही. क्रमयादीत पाहिले, तर उबुंटूची नोंद होती, पण दुसऱ्या क्रमांकावर. ती पहिल्या क्रमांकावर आणली आणि दोन्ही नावे विचारणारा पडदा आला.

याच लक्षणाचे दुसरे एक कारण असते. पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू केला आणि विंडोज मात्र यूईएफआय पद्धतीने बसलेले असले, तर दोन कार्यप्रणाली दोन वेगवेगळ्या दारांनी आत येतात आणि एका यादीत एकत्र दिसत नाहीत. बसवण्यापूर्वी दोन्हीकडे एकच पद्धत असल्याची खात्री करावी.

साडेपाच तासांचे कोडे

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "लिनक्स छान चाललंय. पण विंडोजचं घड्याळ मागे पडतंय. बॅटरी गेली का?"

"किती मागे?"

"साडेपाच तास. बरोबर साडेपाच."

वाचकांच्या लक्षात आले असेल. बॅटरी संपली तर घड्याळ कितीही चुकेल, नेमके साडेपाच तास चुकणार नाही. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. मुख्य पाटीवरील बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स सहसा तेथे जागतिक वेळ ठेवते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. लिनक्सने घड्याळ जागतिक वेळेला लावले, की विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. दोघांपैकी कोणीही चुकत नाही, त्यांचा संकेत वेगळा आहे. एका आज्ञेने लिनक्सलाही स्थानिक वेळ पाळायला सांगता येते. तसे केल्यावर दोघांचे जमले.

शोधाची रीत

या सर्व प्रकारातून चार नियम काढता येतात.

पहिला : जे दिसते ते नेमके टिपावे. 'चालत नाही' हा निष्कर्ष आहे, निरीक्षण नव्हे. संदेशाचे शब्द आणि घड्याळातील फरकाचा आकडा ही निरीक्षणे आहेत.

दुसरा : शेवटची चांगली कडी शोधावी. आठ कड्यांत एक दोष असेल तर मधल्या कडीपासून सुरुवात करावी. चौथ्या कडीपर्यंत सर्व ठीक आहे का? असेल तर उरल्या चार, नसेल तरीही चारच. मग दोन, मग एक. तीन प्रश्नांत उत्तर मिळते, कारण २ चा तिसरा घात ८.

तिसरा : एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. ताईने एकच नोंद बदलली होती व ती तिला आठवत होती, म्हणून ती परत फिरवता आली. तीन बदल एकदम केले असते तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळले नसते.

चौथा : ज्या कृती उलट फिरत नाहीत त्या सर्वांत शेवटी कराव्यात. त्यापूर्वी प्रत वेगळ्या साधनावर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत आहे असे समजू नये.

चुका थोरांकडूनही होतात. लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्स १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी होता. त्याच्या संगणकावर मिनिक्स ही कार्यप्रणाली होती आणि शेजारी तो स्वतःची नवी प्रणाली घडवत होता. म्हणजे लिनक्स जन्माला आले तेच दुसरी कार्यप्रणाली म्हणून. एकदा मोडेमला पाठवायच्या आज्ञा चुकून डिस्कच्या दिशेने गेल्या आणि मिनिक्सचा विभाग बिघडला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने आपली प्रणालीच स्वतःच्या पायावर उभी राहील इतकी पुरी करायचे ठरवले. आपल्या फायलींच्या बाबतीत असा धोका आपण पत्करू नये, हे उघड आहे.

वर्गासाठी

संगणक नसतानाही हा धडा वर्गात घेता येईल. सेल, कळ, दोन तारा, होल्डर, बल्ब असे सहा-आठ भाग एका ओळीत जोडावेत. विद्यार्थ्यांच्या नकळत एक भाग सदोष ठेवावा. एका गटाने क्रमाने एकेक भाग बदलून पाहावा, दुसऱ्या गटाने मधून सुरुवात करावी. दोन्ही गटांनी किती चाचण्या केल्या ते फळ्यावर मांडावे. भागांची संख्या १६ केली तर काय होईल, हे विद्यार्थ्यांना आधी सांगायला लावावे.

ताईने सुट्टीनंतर नववीच्या वर्गात हा प्रयोग केला. आणि आता तिच्या फायलींची प्रत डी ड्राइव्हवर नसते. ती बाहेरच्या डिस्कवर असते आणि ती डिस्क कपाटात असते.